नाकवाल्याच्या घरातला हायड्रोमीटर

मी बोलतोय तो स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या दुसऱ्या खणातून. माझ्या एका बाजूला बाटल्यांची बुचं दाबायचा चिमटा असतो आणि दुसऱ्या बाजूला एक लाकडी उलथनं. उलथनं कोणी वापरत नाही आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. मला मात्र वाटतं. दोन आठवडे कोणी हात लावला नाही की मी आतल्या आत धुसफुसायला लागतो. स्वभावच आहे तो, काय करणार.

मी हायड्रोमीटर. नाव भारदस्त असलं तरी अंगाने मी वीतभर लांबीची काचेची नळी आहे. खाली फुगीर पोट, पोटात शिशाचे छर्रे, वर बारीक मान. मानेच्या आत कागदाची एक पट्टी गुंडाळून चिकटवलेली आहे आणि तिच्यावर आकडे आहेत. हे आकडे म्हणजे माझं सगळं बोलणं. साध्या पाण्यात सोडलं तर मी हजारावर थांबतो. पाण्यात साखर असेल तर मी वर उचलला जातो. जितकी साखर जास्त तितका मी वर. घरी बिअर करणाऱ्या माणसाला माझी गरज पडते ती एवढ्यासाठीच. जवाचं गोड पाणी पहिल्या दिवशी मला एक हजार अठ्ठेचाळीसपर्यंत उचलतं. मग त्यात यीस्ट पडतं, ते साखर खात सुटतं, आणि मी रोज थोडा थोडा खाली बुडत एक हजार दहापर्यंत येतो. घरात कोणी हजार म्हणत बसत नाही. अठ्ठेचाळीस आणि दहा, एवढंच म्हणतात.

मला एका बाईने फुंकून घडवलं. तिच्यापुढे निळ्या ज्योतीचा दिवा होता आणि तिने चष्म्यावर चष्मा घातला होता. तिने माझ्या पोटात छर्रे घातले, एक काढला, पुन्हा एक घातला, पाण्यात सोडलं, डोळा बारीक केला आणि कागद हव्या त्या जागी चिकटवला. मी बरोबर हजारावर उभा राहिलो. मला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल. तिने मला कापसात गुंडाळलं आणि पुढची नळी उचलली. जन्मल्या जन्मल्या कळलं की बरोबर असण्याचं जगात कोणी कौतुक करत नाही.

मला विकत घेतलं ते नाकवाल्याच्या बायकोने. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर सुया, काचपट्ट्या आणि यंत्रं. तिच्या नवऱ्याने घरी बिअर करायला घेतली तेव्हा पहिल्या दोन खेपा त्याने नुसत्या अंदाजाने केल्या. एक पाणचट झाली आणि एक इतकी गोड झाली की मुंग्यांनी रांग लावली. तिसऱ्या खेपेला तिने मला आणून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, मोजून कर. त्याने मला उजेडाकडे धरून पाहिलं आणि हसून म्हणाला, "मला नाक आहे की."

तिथून आमचं बिनसलं. म्हणजे माझं. त्याला पत्ताही नव्हता.

त्याच्या नाकाबद्दल सांगायलाच हवं. तो कॉफी भाजण्याच्या कारखान्यात कामाला आहे. कारखाना छोटासाच. एक मालकीणबाई, दोन भट्ट्या, सात-आठ माणसं. एकोणीस वर्षं तो तिथे कॉफीचे दाणे भाजतो, आणि त्याहून मोठं काम म्हणजे भाजलेली कॉफी हुंगून, चाखून पास करतो. त्याने मान हलवल्याशिवाय एक पोतं बाहेर जात नसे. कोणत्या पोत्यात पाण्याचा ओलावा शिरला होता, कोणतं एक मिनिट जास्त भाजलं, तो कपावर वाकून सांगत असे. म्हणून सगळे त्याला नाकवाले म्हणतात. मालकीणबाईसुद्धा. मलाही दुसरं नाव माहीत नाही.

असल्या माणसाने घरी बिअर केली तर ती साधी कशी असेल? लोक कॉफी घालतात ती काळ्या, जाड बिअरमध्ये. रंगाला रंग जुळतो, डोळ्यांना पटतं. नाकवाल्याला ते सोपं वाटे. त्याला करायची होती पिवळीधमक, स्वच्छ, आरपार दिसणारी बिअर, आणि ग्लास तोंडाजवळ नेला की आत कॉफी. बघणाऱ्याने बघतच राहावं. त्यासाठी तो दाणे अगदी कमी भाजी, दळत नसे, अख्खेच पातळ कापडाच्या थैलीत बांधून तयार बिअरमध्ये सोडी. रंग उतरत नसे, वास उतरे. कधी एक दिवस, कधी थोडा जास्त. दर दोन-तीन तासांनी झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, आणि कधीतरी अचानक म्हणायचं, "आता." म्हटल्याबरोबर थैली बाहेर.

हे 'आता' कुठून यायचं ते मला कधी समजलं नाही. मला नाक नाही. मी बिअर भरलेल्या उंच नळीत तरंगत असे आणि तो माझ्याकडे एक नजर टाकी, जशी पाहुणे आल्यावर दाराच्या पायपुसण्याकडे टाकतात. "दहा. बरोबर," म्हणे आणि मला पुसून ठेवी. निकाल नाकाने आधीच दिलेला असे. मी नुसता सही करणारा कारकून. सात वर्षं मी हे सहन केलं. सहन केलं म्हणतो, पण खरं तर खणात पडून नाकाला नावं ठेवली.

आणि मग माझे दिवस आले.

त्या वर्षी नाकवाल्याला जबरदस्त सर्दी झाली. ताप चढला, चार दिवस तो अंथरुणात होता. पाचव्या दिवशी उठला, कामावर गेला, आणि त्या आठवड्याच्या सुट्टीला बिअरची नवी खेप लावली. पहिल्या दिवशी त्याने मला नळीत सोडलं आणि खाली वाकून, डोळा पाण्याच्या रेषेत आणून वाचलं. पुन्हा वाचलं. वहीत लिहिलं. मी चकितच झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. पुढे पुढे तर दिवसातून तीनदा. प्रत्येक वेळी मला गरम पाण्याने धुवायचं, पुसायचं, नळीत सोडायचं, वाचायचं, पुन्हा गरम पाणी. आधी सगळी मिळून खेपेला दोनदा भेट व्हायची आमची.

मी फुशारून गेलो. मला वाटलं, आला हा ताळ्यावर. शेवटी माणसाला कळतं की नाकाचा काय भरवसा, आकडा तो आकडा. उलथन्यालाही मी दोन शब्द सुनावले. तो माझ्याकडे का वळला असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. हे मी लपवत नाही.

खुणा होत्याच. ओट्यावर दूध उतू जाऊन करपलं आणि तो शेजारी उभा राहून वही लिहीत होता. बायको दारातूनच ओरडत आली, तर म्हणाला, विचारात होतो. कॉफीचे दाणे त्याने घरच्या छोट्या कढईत भाजले तेव्हा एकदाही कढईवर वाकला नाही. नुसता रंगाकडे बघत राहिला आणि दाणे तडकल्याचा आवाज मोजत राहिला. आणि एकदा घरात कोणी नसताना त्याने खणातली लसूण सोलून नाकाशी धरली, मग व्हिनेगरची बाटली उघडून नाकाशी धरली, मग खुर्चीवर बसला. बराच वेळ बसला. बायकोची चावी दारात वाजली तशी बाटली कपाटात गेली.

दहाव्या दिवशी मी दहा म्हणालो. त्याने लगेच कॉफीची थैली आत सोडली.

त्या खेपेला एक गोष्ट झाली ती कॉफीच्या धंद्यातल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. दुसऱ्या कोणी घड्याळ लावून चोवीस तासांनी थैली काढली असती आणि काम झालं असतं. पण याला एकोणीस वर्षांची सवय. वास आला की काढायची. तो झाकण उघडे, नाक आत घाली, थांबे, झाकण लावी. वास येईना म्हणून थैली काढेना. दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी त्याने मूठभर दाणे आणखी घातले. पाचव्या दिवशी थैली काढली ती त्याला काही कळलं म्हणून नाही. मेहुणा येणार होता, बाटल्या भरायला हव्या होत्या, एवढंच कारण. बाटल्या भरल्या, नेहमीप्रमाणे बुडबुड्यांसाठी चिमूटभर साखर घातली, बुचं दाबली, आणि बाटल्या दोन आठवडे मोरीजवळच्या खोक्यात ठेवल्या.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, फरशा बसवायचं काम करतो. गुडघ्यांवर आयुष्य गेलंय त्याचं. तोंडाने फटकळ. ताईच्या घरी येऊन दाजींची बिअर प्यायची आणि नाक न मुरडता घरी जायचं, हे त्याला आजवर जमलेलं आहे, कारण बिअर खरंच चांगली असे. त्या रविवारी दुपारी तो आला. मी ओट्यावरच होतो, सुकायला ठेवलेला.

पहिल्या बाटलीचं बूच उडालं ते थेट छताला लागलं. मागोमाग बिअर कारंज्यासारखी वर. मेहुण्याचा शर्ट गेला, भिंतीवरचं घड्याळ भिजलं. सगळे हसले. दुसरी बाटली त्याने बेसिनमध्ये धरून उघडली, तीही तशीच. नाकवाला म्हणाला, जरा जोमदार झालीय, आणि उरलेली ग्लासात ओतली. रंग मात्र अप्रतिम होता, पिवळा, स्वच्छ, खिडकीचा गज आरपार दिसत होता. त्याने स्वतःचा ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बघ, कॉफी कशी सुरेख उतरलीय."

मेहुण्याने घोट घेतला. तोंडात धरला. गिळला.

"दाजी, यात ढोबळी मिरची चिरून घातलीत का?"

नाकवाला हसला. त्याला ती थट्टा वाटली. पुन्हा ग्लास हुंगून म्हणाला, वरचा वास बघ, फुलांसारखा. मेहुण्याने ताईकडे पाहिलं. ताईने त्याच्या हातातून ग्लास घेतला, हुंगला, एक थेंब चाखला. तिला मिरची लागली, कॉफीचे दाणे फार दिवस मुरले की लागते तशी, आणि मिरचीच्या मागे कच्च्या सफरचंदाचा वासही लागला. तो अर्धवट झालेल्या बिअरचा वास असतो, हे तिला नवऱ्यानेच कधीतरी शिकवलं होतं. तिने भावाला चहा करून दिला, नवऱ्याला भिंत पुसायला सांगितली, आणि मला उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. नाकवाला दुपारच्या पाळीला जाणार होता. सकाळी तिने उंच नळीत साधं पाणी भरलं, पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहिला, माझ्या पट्टीवर लिहिलेल्या तापमानाइतकं कोमट करून घेतलं, आणि मला आत सोडलं. मी खाली गेलो, वर आलो, थांबलो. ती वाकली. एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या. मला बाहेर काढलं, अंगठ्याने हलकेच टिचकी मारली, पुन्हा सोडलं.

"हा चुकतोय," ती नवऱ्याला म्हणाली. "साध्या पाण्यात नऊशे शहाण्णव दाखवतोय. चार कमी. आतला कागद खाली सरकलाय."

मी काय सांगू? कागद पोटात सरकला तरी दुखत नाही. मला काहीच जाणवलं नव्हतं. त्या सततच्या गरम पाण्याने डिंक सुटला होता आणि मी ऐटीत खोटं सांगत होतो. मी दहा म्हणालो तेव्हा खरा आकडा चौदा होता. यीस्टचं जेवण उरलं होतं, त्याने ते बाटलीत बसून पुरं केलं, म्हणून बुचं उडाली. काचा फुटल्या असत्या. मेहुण्याच्या डोळ्यात गेली असती एखादी. सात वर्षं ज्या खरेपणाच्या जिवावर मी नाकाला हिणवत होतो, त्याची ही गत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाकवाला म्हणाला, फेकून दे, नवा आणू. त्यावर ती म्हणाली, "फेकायचा कशाला? आमच्याकडे दर सोमवारी सगळी यंत्रं तपासतात. जे चुकतं त्याच्यावर चिठ्ठी लावतात, एवढं चुकतं म्हणून. मग वापरतात." तिने खरंच एक बारीक चिठ्ठी लिहिली आणि मला ठेवतात त्या डबीला चिकटवली, 'चार मिळवा'. मग हात पुसले आणि खुर्ची ओढली.

"आता तू बस. डोळे मीट."

"कशाला?"

"मीट रे."

तिने दोन बरण्या त्याच्यापुढे ठेवल्या. एकीत ताजी दळलेली कॉफी, अगदी काठोकाठ. दुसरी रिकामी. झाकणं काढली आणि एकेक बरणी त्याच्या नाकाखाली धरली. विचारलं, कॉफी कशात आहे? ज्या माणसाने एकोणीस वर्षं दुसरं काही केलं नाही, त्याला हे विचारलं तिने. त्याने मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"डावी," तो म्हणाला.

डावी रिकामी होती. तिने त्याला तसं सांगितलं नाही. दोन्ही झाकणं नीट लावली आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"पाच आठवडे."

मग तो बोलायला लागला आणि थांबेनाच. ताप उतरला त्या दिवसापासून काही नाही. आधी वाटलं, सर्दी आहे, उतरेल. मग वाटलं, आज नाही तर उद्या. कारखान्यात कपांवर वाकतो, पूर्वीसारखं डोकं हलवतो, पास म्हणतो. कोणाला संशय येत नाही, कारण त्याच्यावर संशय घ्यायची तिथे कोणाला सवयच नाही. आणि येत्या शुक्रवारी वर्षभराची कच्ची कॉफी निवडायची आहे. तीन शेतांचे नमुने आले आहेत. तो ज्यावर बोट ठेवेल ते शेत. कारखान्याचं सगळं वर्ष त्या बोटावर.

"मग काय करणार आहेस?" तिने विचारलं.

"बोट ठेवीन. नाक नाही म्हटल्यावर मला तिथे ठेवतील कशाला? सगळे नाकवाले म्हणतात मला."

ती म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, हो. तरी तो तसाच बसून होता, बोटाने टेबलावर पाण्याचा थेंब पसरवत. तिने वाट पाहिली. प्रयोगशाळेतल्या माणसांना वाट पाहता येते.

"अजून एक आहे," तो शेवटी म्हणाला.

दोन आठवड्यांपूर्वी एक पोतं परत आलं होतं. कॉफीला बुरशीचा वास होता. ते पोतं त्याने पास केलं होतं. मालकीणबाई संतापल्या, आणि त्यांनी बोल लावला तो थैल्या भरणाऱ्या मावशींना. मावशी तिथे अकरा वर्षं आहेत. तू पोतं उघडं ठेवलंस, ओल लागली, म्हणून सगळ्यांसमोर ओरडल्या. मावशी म्हणत राहिल्या, पोतं आलं तेव्हापासूनच त्याला वास होता. कोणी ऐकलं नाही, कारण नाकवाल्यांनी पास केलं होतं ना.

"मावशी माझ्याकडे बघत होत्या," तो म्हणाला. "मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटत होतं. मी कप धूत राहिलो."

बायको उठली. त्याचा डबा भरला, पाण्याची बाटली भरली, दोन्ही त्याच्यापुढे ठेवली.

"शुक्रवारची वाट बघू नकोस. आज सांग."

तो गेला. ती दुपार मला फार लांब वाटली. मी ओट्यावर आडवा पडलो होतो, डबीवर नवी चिठ्ठी, आणि मला सारखं वाटत होतं की ही चिठ्ठी आता सगळ्या जगाला दिसणार. मला त्याची धास्ती कळत होती. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचा राग येत नव्हता. मला त्याच्यासाठी वाईट वाटत होतं.

तो परतला तेव्हा बायकोने आधी त्याचा चेहरा पाहिला आणि मग पाणी दिलं. त्याने सगळं सांगितलं. तो मालकीणबाईंच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच बोलला. नाक गेलं म्हटल्यावर त्यांनी ऐकून घेतलं. बुरशीच्या पोत्याचं म्हटल्यावर मात्र उखडल्या. म्हणाल्या, नाक जाणं तुमच्या हातात नव्हतं, पण तोंड तर होतं ना जागेवर? त्यांनी भट्ट्या थांबवायला लावल्या, सगळ्यांना एकत्र बोलावलं, आणि त्याला सांगितलं, जे मला सांगितलंत ते यांना सांगा. त्याने सांगितलं. चूक माझी होती, मावशींची नाही, हे शेवटचं वाक्य मावशींकडे बघून म्हणायचं होतं. ते त्याने खाली बघून म्हटलं.

त्यानंतर मालकीणबाईंनी त्या परत आलेल्या पोत्यातली कॉफी एका कपात आणि चांगली दुसऱ्या तीन कपांत करायला लावली. प्रत्येकाने एकेकदा हुंगायचं आणि वाईट कप दाखवायचा. पाच जणांनी कोणी हा, कोणी तो कप दाखवला. मावशी आल्या, वाकल्याही नाहीत, उभ्यानेच म्हणाल्या, "हा." त्यांनी बरोबर तोच कप दाखवला होता. अकरा वर्षं उघड्या पोत्यांत डोकं घालून थैल्या भरत होत्या त्या. त्यांना वास कसा आहे हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. यानेही नाही.

शुक्रवारी तीन नमुन्यांमधून मावशींनी निवड केली. ते वर्ष आता संपत आलंय आणि आजवर एकही पोतं परत आलेलं नाही.

नाकवाल्याला मालकीणबाईंनी काढलं नाही. हुंगायच्या टेबलावरून उठवलं. आता तो फक्त भट्टी सांभाळतो, रंगावर, आवाजावर आणि घड्याळावर. टेबलावर मावशी बसतात. लोक त्याला अजून नाकवाले म्हणतात. थांबवायचं तरी कसं? पहिल्या महिन्यात ते ऐकलं की तो खाली बघायचा. आता हाकेला ओ देतो. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात परत येईल किंवा येणार नाही. वर्ष झालं. कधी कधी त्याला जळका वास येतो, पण बायको म्हणते, काही जळत नाहीये. तेवढंच. बाकी तिथे काही नाही.

मध्ये सहा-सात महिने त्याने बिअर केली नाही. मोठं पातेलं माळ्यावर गेलं. मी खणात. त्या काळात मी धुसफुसलो नाही, हेही नोंदवतो. उलथन्याशी बरं बोलायला लागलो. डबीवरची चिठ्ठी आधी मला डागासारखी वाटे. आता तिच्याकडे माझं लक्षही जात नाही. मी दहा म्हणतो, तो चौदा लिहितो, काम होतं. घरातला एखादा काटा, तराजू, घड्याळ चुकीचं दाखवतंय असं तुम्हाला वाटलं तर माझं एकच मागणं आहे, त्याला एकदा तपासून बघा आणि त्याच्यासमोर मोठ्याने आकडा सांगा. आम्हाला आतून कळत नाही हो. कोणीतरी सांगावं लागतं.

निरोप घेण्याआधी गेल्या रविवारचं सांगतो.

नाकवाल्याने पातेलं खाली काढलं होतं आणि पिवळ्या बिअरची खेप लावली होती. खेप तयार झाली, मी माझा आकडा सांगितला, त्याने चार मिळवले, तीन दिवस तोच आकडा आला. थैली आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. त्याने बोलावल्या होत्या. त्या या घरी पहिल्यांदाच येत होत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पिशवी मांडीवर. बिअर त्या पीत नाहीत, आधीच सांगून टाकलं. तो म्हणाला, प्यायची नाहीच मावशी, नुसतं सांगायचं.

त्याने झाकण उघडलं. त्या वाकल्या.

"चांगला आहे, दादा."

"चांगला म्हणजे कसा? नीट सांगा ना."

मावशी अवघडल्या. म्हणाल्या, मला तुमच्यासारखे शब्द येत नाहीत. तो म्हणाला, माझे शब्द नकोत. तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. मी शेजारच्या नळीत तरंगत होतो. मला नाक नाही, त्यालाही नाही, आणि आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"माझी मुलगी लहान होती ना," त्या म्हणाल्या, "दुपारी झोपून उठली की तिच्या मानेला यायचा, तसा आहे. गरम गरम. आणि मागून संत्र्याची साल सोलल्यासारखं काहीतरी. आणि कॉफी आहेच. पण ती पुढे नाही येत, दारात उभी राहिल्यासारखी आहे."

नाकवाल्याने डोळे मिटले होते. त्याची बायको ओट्याशी काही धूत होती, तिने नळ बंद केला.

"परत सांगता का, मावशी?"

मावशींनी परत सांगितलं, हळूहळू, मुलीच्या मानेपासून. तो ऐकत राहिला. मग त्याने डोळे न उघडता विचारलं, "थैली काढू?"

मावशी पुन्हा वाकल्या. थांबल्या. "नाही. अजून थोडं."

आम्ही सगळे थांबलो. मावशींना चहा झाला. मुलीचं लग्न होऊन ती लांब गेलीय, सणासुदीलाही येणं होत नाही, हे सांगून झालं. मध्येच त्यांनी हाताने त्याला गप्प केलं, झाकण स्वतः उचललं, आणि म्हणाल्या, "आता."

त्याने थैली बाहेर काढली.